तुळसीला माझा तिसरा हिस्सा

मी, बालाजीराव एकोजीराव, वय ८१, निवृत्त ऑडिटर, राहणार तिरुवल्लिकेणी, चेन्नई, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. पत्नी सकवारबाई आधीच गेली. मुलगा श्रीनिधी आणि मुलगी रंजनी हे माझे वारस. तुळसी आमच्याकडे स्वयंपाक सोडून सगळी कामे करते आणि गच्चीवरच्या खोलीत राहते. मुख्यतः तिच्यासाठी हे लिहितो आहे.

१. बँकेतल्या ठेवी दोन्ही मुलांना सारख्या. यावरून भांडू नये.

२. चांदीचे ताट रंजनीला. ते एका श्रीमंत अशिलाने दिवाळीला दिले होते. त्याचा कर मी इतका खाली आणला की साबण, तेल, बिस्किटे घेताना त्याचा ड्रायव्हर कमाईच्या मानाने त्याच्यापेक्षा जास्त कर भरत असेल. सगळे कायद्यात बसवून. त्या ताटात घास उतरला नाही असे लिहावेसे वाटते, पण ते खोटे होईल. मी चवीने जेवलो.

३. राहते घर. ते आईच्या दागिन्यांतून आले. आई मला दागिने देत होती, तेव्हा मीच सुचवले की बक्षीसपत्र हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे कर. म्हणजे त्यातून घेतलेल्या घराखालच्या दुकानांचे भाडे माझ्या मिळकतीत धरले जाणार नाही, कर वाचेल. वाचला. पण त्यामुळे घर माझ्या एकट्याचे झाले नाही. मी, श्रीनिधी, रंजनी, प्रत्येकी एक तृतीयांश. भावाबहिणीत धड बोलणे नाही, तरी सरकारदरबारी आम्ही अविभक्त. आणि सकवारबाईला अंथरुणात कूस बदलून देणारी, तिचे सगळे काढणारी तुळसी त्या कुटुंबात कुठेच नाही. म्हणून तिची खोली तिला देऊन टाकावी म्हटले, तर ती द्यायचा मला अधिकार नाही. माझ्याच हुशारीने माझे हात बांधले.

तुळसीच्या जातीमुळे तिला चुलीपाशी येऊ दिले नाही. तो नियम मी केला नाही, मोडलाही नाही. आजही तिचा पेला मोरीच्या कट्ट्यावर वेगळा असतो. मला याची लाज वाटते, आणि लाज वाटूनही तो तिथेच आहे, याची जास्त.

श्रीनिधीला हे घर मॅन्शनवाल्याला विकायचे आहे. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांसाठी तो इथे खोल्या काढणार. तुळसी कुठे जाईल, असे विचारले तर म्हणाला, "अप्पा, सुम्मा भाडं न देतां वर राहते, तेंच पुष्कळ की!" हे बोलणे त्याने माझ्याकडूनच उचलले, म्हणून रागावता आले नाही.

४. खोली नाही, तरी स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, म्हणून घरातला माझा एक तृतीयांश अविभक्त हिस्सा मी तुळसीला कायमच्या मालकीने देतो. तिच्या सहीशिवाय कोणालाही पूर्ण घर विकता येणार नाही. श्रीनिधी, कोर्टात जायचेच असेल तर आधी तुझ्या आईला शेवटी कोण भरवत होते ते आठव. भरवताना मात्र आम्ही विटाळ धरला नाही.

५. अंमलबजावणी रंजनीने करावी. रडेल, पण करील.

६. तुळसीने काहीही मागितलेले नाही. मी सांगितले तेव्हा ती तमिळमध्ये म्हणाली, "नको सार. तुम्ही गेल्यावर मला चोर म्हणतील." म्हणून लिहून ठेवतो, ती चोर नाही.

काल तिला हे वाचून दाखवायला बोलावले. खुर्चीवर बस म्हटले. ती जमिनीवर बसली. मी पुन्हा म्हटले नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

(सही) बालाजीराव एकोजीराव

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. डॉ. उदयसिंह राव (सही)
२. श्रीविद्या बाळकृष्ण, शेजारी (सही)

चेन्नई, ११ फेब्रुवारी २०२५