दोन अत्तरं आणि तुझा हात

आई, आज लोणावळ्याच्या बाजारात लेकीने दोन अत्तरं काढायला लावली, एक पिकल्या आंब्याच्या वासाचं, एक अननसाच्या. आणि तू आठवलीस. खरं तर तुला विसरले कधी होते?

लग्नानंतरचं माझं पहिलं हळदीकुंकू होतं. बायकांच्या हाताला लावायला अत्तर हवं होतं. तू भाजे गावाहून आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं घेऊन आली होतीस, म्हणून तुलाही दुकानात नेलं. शेजारीण बरोबर होती. दुकानदाराने माझ्या एका हाताला आंबा लावला, दुसऱ्याला अननस. मी इकडे हुंगतेय, तिकडे हुंगतेय, आणि दोन्ही वासांचा नुसता काला झाला. तू हसलीस. "आगं, दमानं. मी तांदूळ हुंगते तवा एक मूठ झाली की पदर हुंगते, मंग दुसरी. न्हाईतर नाकाला काय कळतंय?" तळहातावर चोळून जुना तांदूळ कुठला नि नवा कुठला हे सांगायला गावात तुलाच बोलावत. तू पदराखालून हात काढलास. "हितं लाव बरं, मी सांगते."

आणि मी, चार महिन्यांत शहरी झालेली, शेजारणीकडे बघत म्हणाले, "तू कशाला? तुला थोडंच लावायचंय आता?" आबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. "व्हय, खरंय की," एवढंच बोललीस आणि हात पदराखाली घेतलास. मी घाईघाईने आंबा उचलला. दुसऱ्या दिवशी बायका बाहेर बसल्या आहेत, तू स्वयंपाकघरात ओटीचे हरभरे उपसते आहेस, आणि तासाभरात त्या अत्तराला सडक्या फळाचा वास सुटतो. बायका हळूच हात पुसतात. तुला आतपर्यंत वास आला असणार. तू चकार शब्द काढला नाहीस. चांगली झाडली असतीस तर मी सुटले असते गं. पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस, आणि माफी मागायची राहूनच गेली.

आमचे हे गेल्यापासून मीही हात पदराखालीच ठेवते. आज लेकीने तो भर दुकानात ओढून बाहेर काढला. "आई, तुझं नाक आजीचं आहे म्हणतात. सांग ना." मला लाज वाटली, रडूही आलं. तिने आंबा लावला. मी हुंगला, पदर हुंगला, मग अननस. पुन्हा पदर, पुन्हा आंबा. दुकानदार कंटाळला, ती मात्र थांबली होती.

तुला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी हे पत्र टाकायचं कुठल्या पेटीत? घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवते. लेकीला मी "अननस घे" म्हणाले. पण तुला म्हणून सांगते, मला दोन्हींतलं काही कळलं नव्हतं. तिने हात धरला होता, म्हणून मी हुंगत राहिले.