डब्यातलं धरण

प्रिय आबा,

तुमची लेक असून मी तुम्हाला आजवर एकही पत्र लिहिलं नाही. पुण्याला शिकायला गेले तेव्हा फाट्यावरच्या दुकानात फोन करून निरोप ठेवायचे, "पोचले म्हणून सांगा." तेवढंच. आज लिहायला बसलेय, कारण सकाळी आईनं फळीवरचा एक डबा खाली काढला आणि मला विचारलं, "अलके, ह्ये पेरायचं का फेकून द्यायचं?"

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. आई एकेक फळी आवरतेय.

डबा पत्र्याचा, झाकणावर फडकं बांधलेलं. आत राख, आणि राखेत पावटे. बहुतेक पांढरे, मधूनच एखादा लाल. "औषध लावल्यालं बियानं आसंल," आई म्हणाली. "तुज्या आबानं इतकी वर्सं कुनाला हात लावू दिला न्हाई. इख हाय म्हनायचे." मी एक लाल दाणा उचलला, थुंकी लावून घासला. बोटाला रंग लागला. तो औषधाचा रंग नव्हता आबा, माझ्या शाईचा होता!

आठवतो तो रविवार? मी मंचरच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. सरांनी प्रत्येकाला एक प्रकल्प दिला होता, आणि मी मोठ्या ऐटीत सांगून आले होते की डिंभे धरणाच्या आमच्या बाजूच्या कोपऱ्यात मासे किती आहेत ते मी मोजणार. तुम्ही जाळं सांधत होतात. हात थांबला. "पान्यातली मासळी? न बघता?" तुम्ही असे हसलात की आईनं चुलीपासून मान वळवून पाहिलं.

मग मी तुम्हाला ते पातेल्यात दाखवलं. पातेलंभर पावटे घेतले, किती ते कुणालाच माहीत नाही. मूठभर काढले, तेवढेच मोजले, त्यांच्या जागी तेवढेच लाल घेवड्याचे दाणे टाकले. ढवळलं. पुन्हा मूठ भरली. मुठीत दहातला एक लाल निघाला, तर पातेल्यात सगळे मिळून लालांच्या दहापट दाणे असणार. बाकीचे मोजायची गरजच नाही! मला वर्गात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. सगळं धरण एका मुठीत मावतं, असं वाटलं होतं.

तुम्ही मूठ घातलीत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "ह्यात खोट हाय पोरी. घेवडा गोल, पावटा चपटा. हाताला कळतंय की कुठला त्यो. आन् तू वरवर ढवळलंस, तळ तसाच व्हता." कॉलेजात शिकलेल्या मला हे सुचलंच नव्हतं. शेवटी माझ्या लाल शाईच्या बाटलीत पावटेच रंगवले, उन्हात वाळवले, आणि तुम्ही कोपरापर्यंत हात घालून तळापासून ढवळलंत. मग मुठीमागून मुठी. कधी उत्तर कमी यायचं, कधी जास्त, पण शेवटी सगळे पावटे मोजून पाहिले तेव्हा कळलं, ते खऱ्या आकड्याभोवतीच घोटाळत होतं. दहाव्या मुठीनंतर तुम्ही हळूच म्हणालात, "लई अवघड हाय गं ह्ये. लई भारी हाय."

तेव्हापासून तुम्हाला त्याचं वेडच लागलं. डिंभ्याच्या थांब्यावर एसटीची वाट बघत आपण रुपया उडवत बसायचो, ते आठवतं? मला दोनशे वेळा उडवून लिहायचं होतं. तुम्ही उडवायचात, मी लिहायचे. एकदा लागोपाठ आठ वेळा छापा आला. तुम्ही नाणं दातानं चावून पाहिलंत आणि खिशातून दुसरं काढलंत! मी म्हटलं, आबा, नाण्याला मागचं काही ठाऊक नसतं, नवव्या वेळी त्याला पुन्हा दोन्ही बाजू सारख्याच. तुम्ही कितीतरी वेळ त्या रुपयाकडं बघत राहिलात. एसटी आली, तरी उठला नाहीत.

प्रकल्पासाठी, लाल पावट्यांसारखी खूण करून परत सोडायला, शंभर मासे लागणार होते. धरण भरताना आपलं वावर पाण्याखाली गेलं, आणि त्याच पाण्यावर ट्रकची ट्यूब टाकून तुम्ही मासेमारी शिकलात. नांगर धरलेला माणूस चाळिशीत जाळं शिकला, याचंच मला नवल वाटायचं. तुम्ही रोहू, कटले जिवंत पकडून द्यायचात, ओल्या फडक्यात धरायचात, आणि मी सुईनं माशाच्या पाठीवरच्या परातून लाल नायलॉनचा दोरा ओवायचे. चार सकाळी लागल्या. माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त जपायचात त्या माशांना. "हळू टोच, त्याला बी जीव हाय," असं मला दहादा बजावलंत.

सोडायचे कुठं, यावरून आपलं वाजलं होतं. तुम्ही म्हणालात, मी जागा दाखवतो, कुठं मासळी रमते ते मला ठावं. मी म्हटलं, नाही, चिठ्ठी सांगेल तिथं. आपल्या कोपऱ्याचा नकाशा काढून चौकटी पाडल्या, आकड्यांच्या चिठ्ठ्या तुमच्या टोपीत टाकल्या. "म्हंजी आता टोपी ठरवनार व्हय?" असं कुरकुरत तुम्ही चिठ्ठी काढलीत. एका चिठ्ठीनं आपल्या बुडालेल्या विहिरीची जागा दाखवली. तिथं तुम्ही ट्यूब थांबवलीत, दोऱ्याचा मासा दोन्ही हातांनी पाण्यात सोडलात.

पुढचे सहा आठवडे मी रोज सकाळी काठावर उभी असायचे. तुम्ही, तुमचे जोडीदार किसनकाका आणि मासे मारणारे बाकीचे पाच जण जाळी घेऊन आलात की मी एकूण एक मासा उलटापालटा करून बघायचे. दोरा? नाही. दोरा? नाही. सहा आठवड्यांत एकही लाल दोरा नाही आबा! एकही! आणि गणितात तर दोऱ्याच्या माशांनीच भागायचं होतं. शून्यानं भागणार कसं? माझं गणित म्हणत होतं की आपल्या कोपऱ्यात अगणित मासे आहेत. वर्गात हशा पिकला.

त्या दिवशी घरी येऊन मी जे बोलले, ते आठवलं की अजून लाज वाटते. "तुम्हा लोकांना कशाचं गांभीर्यच नाही," असं म्हणाले. तुम्हा लोकांना! "दोरा दिसला तरी कुणी सांगायची तसदी घेतली नसेल. माझं वर्ष बुडवलंत." आई माझ्या अंगावर ओरडली. तुम्ही मात्र जाळं खाली ठेवलंत, माझ्याकडं बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "चुकलं खरं माजं."

मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावला. सर म्हणाले होते की शून्य आलं तर आलं, ते का आलं हे प्रामाणिकपणे लिही, तोच खरा अभ्यास. मी लिहिलं, "स्थानिक मासेमारांनी सहकार्य केले नाही." तेवढ्यावर पास झाले, पुण्याला गेले, पुढचं शिकले, आता तोच विषय शिकवते. दर वर्षी पोरांना सांगते की न तपासता कारण लिहू नका. आणि माझं स्वतःचं पहिलं कारण मी कधी तपासलंच नाही.

आज दुपारी किसनकाकांना बोलावलं. डबा पुढ्यात ठेवला. ते बघून त्यांनी टोपीच काढली. "अजून ठिवलाय व्हय त्यानं!" असं म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं.

"तू मासळी सोडलीस ना, त्याच संध्याकाळी तुजा आबा आमच्या समद्यांच्या दारात फिरला. म्हनला, आमच्या अलकीची मासळी हाय पान्यात, लाल दोऱ्याची. ती कुनी मारायची न्हाई. देवाच्या नावानं कान चिरून सोडल्याला बोकड आसतो ना, तसं समजा. मंग कोन हात लावतंय? जाळ्यात दोरा दिसला की आमी पान्यातच सोडवून द्यायचो. मी तर हात बी जोडायचो."

"मला का नाही सांगितलं काका?"

"आमाला वाटलं, तुला तेच पायजे. तुजी मासळी जगली पायजे. तू रोज काठावर येऊन दोरा हुडकायचीस, आमाला वाटायचं, कुनी मारली का काय ते बघाया येतीस. आमी आपलं खूश, एक बी मारली न्हाई म्हनून!"

मी हसले आबा. आणि हसता हसता रडले. एवढी वर्षं मी शिकवतेय की पाहणी बिघडते ती आळसानं, घाईनं, लबाडीनं. मायेनं बिघडते, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आणि चूक माझीच होती ना! मासे सोडायचे कसे ते मी तुम्हाला सांगितलं, पण पकडल्यावर काय करायचं ते सांगायला विसरले. इतकं उघड वाटलं मला ते.

"तू बोललीस त्या दिशी त्याच्या डोक्यात परकाश पडला," काका म्हणाले. "दुसऱ्या दिशी परत समद्यांच्या दारात. म्हनला, माजंच चुकलं, आता दोऱ्याची मासळी सोडायची न्हाई, मला आनून दावायची. तू काठाकडं यायचं सोडलंस, आन् त्यो रोज सकाळी काठावर बसायचा. मासा आला की डब्यात एक पावटा. दोरा आसला की लाल. तू उभी ऱ्हायचीस ना, त्याच दगडापाशी. पावसाळा लागंस्तवर एक दिस चुकला न्हाई."

मग पाठवलं का नाही हो? एकदा तरी सांगायचं! मी सुट्टीला यायचे, त्याच फळीखाली बसून जेवायचे. किसनकाकांनीही तुम्हाला हेच विचारलं होतं म्हणे. तुम्ही म्हणालात, "तिचा निकाल लागून गेला. आन् एकदा माज्या शान्यापनानं घोळ झालाय. ह्यात बी काय चुकलं आसलं तर? ऱ्हाऊ दे डब्यात. तिला वाटंल तवा ती इचारंल." मी विचारलंच नाही. सात वर्षं.

काका गेल्यावर आई आणि मी ओसरीवर धोतराचं पान अंथरलं आणि डबा ओतला. राखेमुळं एकही दाणा किडला नव्हता. आईनं तिच्या सवयीनं विसाविसाचे ढीग घातले. आधी तिला वाटलं, मला दुःखानं काहीतरी झालंय. मग मी तिला सांगितलं की यातला एकेक दाणा म्हणजे एकेक मासा आहे आणि तो आबांनी स्वतः ठेवलाय, तेव्हा तिची बोटं एकदम हळू झाली. ढीग मोडू नये म्हणून कोंबड्यासुद्धा हाकलल्या तिनं. मोजून झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. साठ विसा आणि वर सहा, म्हणजे बाराशे सहा. त्यातले लाल नऊ.

नऊ, आबा! शून्य नव्हतं ते. नऊ होते.

भागाकार झाला. माझ्याच जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर केला: शंभर गुणिले बाराशे सहा, भागिले नऊ. तेरा हजार चारशे. आपल्या कोपऱ्यात त्या साली एवढे मासे होते. आकडा पक्का नाही, मला माहीत आहे. नऊ म्हणजे फार थोडे, चार इकडचे तिकडं झाले तरी उत्तर हलतं. पण एक गोष्ट लक्षात आली आणि माझा पेन थांबला. तुम्ही आधीचे सहा आठवडे ते मासे कुणाला मारू दिले नाहीत, म्हणूनच शंभराच्या शंभर दोरे पाण्यात राहिले असणार, म्हणूनच नंतरची मोजणी जमली. तुमची चूकसुद्धा माझ्याच कामाला आली. वर्गात हे सांगितलं तर पोरांना मी बनवून सांगतेय असं वाटेल.

मला वाटायचं, संख्याशास्त्रातलं सगळ्यात थक्क करणारं म्हणजे मुठीवरून धरण कळतं ते. पण एक चौथी शिकलेला माणूस मुलीचं टाकून बोललेलं ऐकतो, उलट बोलत नाही, आपलं कुठं चुकलं ते शोधतो, सगळी पाहणी पुन्हा पहिल्यापासून नीट करतो, आणि राखेत घालून ठेवून देतो. याचं गणित मला येत नाही आबा. मी आज दिवसभर नुसती तोंडात बोट घालून बसलेय.

माफी मागते, असं लिहिणार होते. पण तुम्हाला ते आवडणार नाही. त्यापेक्षा एक शब्द देते. सोमवारी मंचरला जाऊन तो प्रकल्प शोधणार. कॉलेजच्या कपाटात असला तर सरांच्या परवानगीनं, नसला तर माझ्याकडच्या प्रतीत, त्या एका वाक्यावर लाल शाईनं रेघ मारणार. आणि त्याखाली लिहिणार, "पहिली मोजणी माझ्या अपुऱ्या सूचनांमुळे फसली. दुसरी मोजणी माझ्या वडिलांनी केली. निष्कर्ष त्यांच्या मोजणीवरून." आणि दर वर्षी पहिल्या तासाला हाच डबा टेबलावर ठेवीन. पोरं मूठ घालायला धावतील, पण आधी त्यांना कोपरापर्यंत हात घालून तळापासून ढवळायला लावीन.

तुमचीच,
अलकी