थॅचरसाहेबांचा कोपरा

हॅझेल प्रेअरी, आयोवा
जानेवारी, दारात गुडघाभर बर्फ

ती. लॅव्हॉनताईस धाकट्या हार्लनचा नमस्कार.

मी इकडे ठीक आहे, म्हणजे डावा गुडघा सोडून उरलेला. तुझी पाठ कशी आहे? दाजींनाही नमस्कार सांग. (भर जानेवारीत अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून गोल्फ खेळणाऱ्या माणसाविषयी मला काय वाटतं, ते कागदावर आणत नाही.) परवा फोनवर तू विचारलंस, की तुझ्या त्या थॅचरला अध्यक्षपदाची काही आशा आहे का, आणि तू या वयात त्याचा झेंडा का धरलास? मी हवापाण्यावर विषय नेला, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आता सगळं उरकलंय, तेव्हा सावकाश सांगतो.

एमोरी थॅचर हा कुठल्याशा चिमुकल्या राज्याचा माजी राज्यपाल. हा उमेदवार आहे हे त्याच्या बायकोला आणि मला सोडून फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नोव्हेंबरात त्याची गाडी आपल्या शेतासमोरच्या खड्ड्यात घसरली. मी ट्रॅक्टर लावून ती ओढून काढली. ओढून काढलेल्या माणसाला कॉफी न पाजता वाटेला लावायचं नाही, हे आईनंच शिकवलंय आपल्याला. कॉफीचं जेवण झालं, तेवढ्यात वादळ आलं आणि साहेब दोन दिवस मुक्कामाला राहिले. भांडी घासायचा, पण काचेचे पेले फार वाईट घासायचा. एकदा तो आर्लीनच्या खुर्चीत बसला. ती गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. तिच्या फोटोकडे बघून त्यानं विचारलं, "वहिनींना काय आवडायचं?" ताई, दफनानंतर सगळ्यांनी मला पिकाचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी दोन तास बोलत होतो. मग त्यानं आपल्या वस्तीतलं प्रचाराचं काम बघाल का म्हणून विचारलं, तेव्हा नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

तुम्ही ॲरिझोनावाले गुपचूप मतपेटीत कागद टाकून घरी जाता, म्हणून आठवण करून देतो. इथे पक्षाचा उमेदवार ठरवायला शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये सभा भरते आणि ज्याच्या त्याच्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभं राहावं लागतं. जमलेल्यांपैकी पंधरा टक्के माणसं कोपऱ्यात नसली, की तो कोपरा मोडतो आणि त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं. दुसरीकडे म्हणजे सगळ्यात मोठ्या कोपऱ्यात, आणि त्याचा म्होरक्या कोण, तर व्हर्जिल हॅवरकँप! बांधावरचं अक्रोडाचं झाड त्यानं तोडलं, आर्लीनचं आवडतं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमचं कडाक्याचं भांडण आहे. (म्हणजे रस्त्यात गाडी समोरून आली, की तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो आणि मी उचलत नाही. आपल्याकडे याहून मोठं भांडण मी तरी पाहिलेलं नाही.) थॅचर अध्यक्ष होणार नाही, हे मलाही कळत होतं. पण व्हर्जिलच्या कोपऱ्यात खाली मान घालून जायचं नाही, एवढाच माझा निवडणूक जाहीरनामा होता.

सभेच्या दिवशी दुपारभर मी पिकअप घेऊन हिंडलो आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारातला बर्फ काढला. (पिकअपचा रेडिओ केव्हाच गेलाय.) कुणी मला नाही म्हणालं नाही. जो तो माझ्याकडे फार मायेनं बघत होता, त्यावरून मी समजलो, की थॅचरची हवा आहे. व्हर्जिलची बायको डेलोरेस दारात येऊन काहीतरी बोलणार होती, पण नुसतं "टोपी घाल रे कानावर" म्हणून आत गेली.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. व्हर्जिलच्या कोपऱ्यात जत्रा, त्यात डेलोरेसच्या कुकीजचं ताट फिरतंय. माझ्या कोपऱ्यात मी, आणि आपल्याला तिसरीत शिकवणाऱ्या नायहस बाई. नव्वदी ओलांडली, पण आवाज तोच. मला भरून आलं. तर म्हणतात, "हार्लन, ताठ उभा राहा. आणि मी हीटरपाशी बसलेय, राजकारणाचं मला विचारू नकोस." सभा चालवणाऱ्या ग्रंथपाल बाईंनी मोजलं, म्हणजे माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाल्या, बारा माणसं कमी आहेत, आता फेरबदलाला वेळ देते. मी टोपी उचलली. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता आणि व्हर्जिलपर्यंतचं ते अंतर मला काही केल्या चालवेना. तेवढ्यात पोस्टातला कर्ट सरकत सरकत माझ्याकडे आला. "तिकडे दारातून वारं लागतं." त्याच्यामागे त्याची बायको आली, तिलाही वारं लागत होतं. मग मेथडिस्ट चर्चचे अख्खे गायक हीटर शोधत आले. तरी एक माणूस कमीच पडला. आणि ताई, ताट हातात घेऊन व्हर्जिल स्वतः आला! स्वतःचा कोपरा सोडून! माझ्या शेजारी उभा राहिला, समोर बघत म्हणाला, "इकडे ऊब बरी आहे." मी म्हणालो, "हं." पुढच्या मोठ्या सभेसाठी थॅचरला एक प्रतिनिधी मिळाला, तो म्हणजे मी.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की त्याला आशा आहे. निदान आपल्या हॉलमध्ये तरी होती. प्रकृतीला जप.

तुझा,
हार्लन

ता.क. पत्र बंद करणार एवढ्यात थॅचरचाच फोन आला. म्हणाला, "हार्लन, तुमचा निकाल ऐकला. अहो, पण मी तर काल सकाळीच माघार घेतली. टीव्हीवर दिवसभर दाखवत होते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" मी म्हणालो, मला ठाऊक होतं. मग काय म्हणणार? मागाहून कॅफेत चौकशी केली, तर हॉलमधल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं, नायहस बाईंनासुद्धा. मला सांगायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं, म्हणून उभेच राहिले.

आणखी ता.क. आज व्हर्जिलची गाडी समोरून आली. मी बोट उचललं. आता खरं काम सांगतो. डेलोरेसचं ताट माझ्याकडे राहिलंय आणि ते रिकामं परत देता येत नाही. आर्लीन गेल्यापासून ओव्हन पेटवलेला नाही. आई खजुराच्या वड्या करायची, त्यांची कृती पाठव. पीठ किती आणि लोणी किती, ते नीट लिही. मला दोन ताटांपुरत्या करायच्यात, थॅचर वसंतात यायचं म्हणतोय. त्याला सांगितलंय, खुर्ची तीच.