रबराची बाही

आई, तुझा रबराचा कारखाना बंद पडला, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस त्यानंतर काही वर्षांनी मालक वारले, त्यांच्या मुलाला त्या धंद्यात रस नव्हता आणि एका उन्हाळ्यात शेडला कुलूप लागलं. तुझ्या शेजारच्या प्रेसवर काम करणारी मावशी त्या दिवशी हातातला डबा न उघडताच माझ्याकडे आली. म्हणाली, "आता काय करू, पोरी? मले दुसरं येते काय?" मी तेव्हा डिप्लोमा पुरा करून सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत ड्रॉइंग काढायची नोकरी करत होते. पगार वेळेवर व्हायचा, खुर्ची पंख्याखाली होती. तरी मावशीला चहा देता देता मी बोलून गेले, "मग आपणच टाकू ना एखादी प्रेस." बोलल्यावर मीच दचकले.

तुझी शेड मला अजून दिसते. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन तिथंच यायचे. साचा दाबून धरणारी गरम प्रेस उघडते, गंधकाचा गरम वास येतो, तू साच्यातून रबर सोडवून काढतेस आणि कडेला निघालेलं जास्तीचं रबर कात्रीनं कापत बसतेस. घरी आल्यावर बेसन लावून कितीही हात घासलेस तरी तुझ्या पोळीला तो वास यायचा, आणि मला वाटायचं, सगळ्यांच्याच पोळ्यांना येत असेल. एकदा मी हट्टानं कात्री मागून घेतली आणि मशीनच्या सांध्यात बसणाऱ्या एका गॅस्केटच्या कडेला चीर पाडली, नखाएवढी. तू त्या कडेवरून बोट फिरवलंस आणि माझ्यासमोर त्याचे दोन तुकडे केलेस. "हे मशीनमंदी बसंल. तिथून गरम पाणी सुटलं तर कोणाच्या अंगावर जाईन, सांग?" मी रडायला लागले. तू मला जवळ घेतलं नाहीस. पुढचं गॅस्केट माझ्या हातात दिलंस. "घे. आता हे काप."

डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा वर्कशॉपसाठी जाड चामड्याचे बूट लागत होते, आणि दुकानात सगळे पुरुषांच्या मापाचे. तू त्यातला लहानात लहान जोड आणलास, पुढं कापूस कोंबलास. मी तो घालून खोलीभर फिरले, फताड फताड. "काहून हसून राहिली? पाय तर झाकले ना!" म्हणत तूही हसत सुटलीस. गुढियारीतल्या त्या एका खोलीत आपण दोघी इतक्या हसलो की शेजारची दीदी काय झालं ते बघायला आली.

तर आई, आम्ही प्रेस टाकली. सिलतऱ्यात एक लहानशी शेड भाड्यानं घेतली. मावशी, मी आणि तुझ्या कारखान्यातल्या आणखी दोघी. सुरुवातीला पाइपांच्या रबरी चकत्या बनवल्या, तेवढ्यावर कसंबसं चालायचं. मग मावशीचा मुलगा ज्या प्लांटमध्ये कामाला आहे, तिथून एक काम आलं. तिथं लोखंड ॲसिडनं धुतात आणि ते ॲसिडचं पाणी एका मशीनमध्ये गरम करतात. मशीन म्हणजे पातळ पत्र्यांची गड्डी. एका फटीतून वाफेनं तापवलेलं पाणी जातं, शेजारच्या फटीतून ॲसिडचं, आणि एकमेकांत न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला मिळते. पत्रे भारी धातूचे असतात, त्यांना ॲसिड काही करत नाही. पण गड्डी दाबून धरणारं पुढचं जाड दार साध्या लोखंडाचं असतं आणि पाणी त्याच्याच भोकांतून आत-बाहेर करतं. म्हणून प्रत्येक भोकात रबराची बाही बसवतात. तिची कॉलर दाराच्या बाहेरच्या तोंडावर पसरते आणि तिच्यावर पाइप आवळला की तीच सीलचं कामही करते. तिथल्या बाह्या झिजून फाटल्या होत्या. ॲसिड लोखंडाला लागलं होतं, नटांखालून ठिबकत होतं, आणि त्याच वाटेनं मावशीचा मुलगा रोज ये-जा करायचा. त्याच्या पोटरीवर भाजल्याचे डाग मी पाहिले होते. मावशी त्याबद्दल बोलायची नाही, पण त्या दिवसांत तिचं जेवणावरचं मन उडालं होतं.

बाहेरून माल मागवला तर यायला फार वेळ लागणार होता, म्हणून तिथल्या मेन्टेनन्सच्या साहेबांनी आम्हाला संधी दिली. आमची पहिली बाही त्यांनी बसवली आणि ॲसिड सोडण्याआधी साध्या पाण्याचा दाब देऊन पाहिला. दाब पुरता चढलाही नव्हता, तोच कॉलरच्या मुळाशी चिळकांडी उडाली. साहेब चिडले नाहीत, त्यानं जास्तच लाज वाटली. "मैडम, एक बार और देख लेते हैं. फिर बाहर से ही मँगाना पड़ेगा," एवढंच म्हणाले.

शेडवर आल्यावर मी ती बाही मधोमध कापली. बाही जिथं कॉलरकडे वळते, तिथं रबरात टाचणीच्या टोकाएवढे पोकळ ठिपके होते. हवा अडकली होती. शिवाय ते वळण मी ड्रॉइंगमध्ये काटकोनात काढलं होतं. रबर तिथंच मुडपत होतं, तिथंच ताणलं जात होतं. मी ते वळण गोल केलं, साचा पुन्हा लेथवर फिरवून आणला. मावशी प्रेसवर बसली. दाब दिल्याबरोबर तिनं प्रेस किंचित उघडली, फुस्स करून हवा निघाली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. "जरा दम घेऊ दे तिले," ती म्हणाली, "तुही माय असंच करे." नवी बाही निघाली तेव्हा ती गरम असतानाच आम्ही चौघींनी आळीपाळीनं तिच्या वळणावरून बोट फिरवलं. कुणीच "झालं" म्हणेना. शेवटी मावशीच म्हणाली, "चला, नेऊ."

दुसऱ्या चाचणीला मावशीही आली. गेटवर तिला हेल्मेट दिलं, ते तिनं पदरावरून घातलं. बोल्ट आवळले, पाणी सोडलं, दाब चढवत नेला. मागच्या वेळी चिळकांडी उडाली तो आकडा साहेबांनी दाबाच्या काट्यावरून मोठ्यानं वाचला, मग त्याच्या पुढचेही. जेवढा हवा तेवढा दाब देऊन तसाच धरून ठेवला. साहेब घड्याळ बघत उभे होते. मग मावशीच्या मुलानं हातमोजा काढला, कॉलरच्या खालून सगळीकडे हात फिरवला आणि तळवा आईला दाखवला. कोरडा. मावशीनं तो हात धरला तो सोडेचना. "सूखा है, सर," तो साहेबांना म्हणाला, आणि मग आईकडे वळून, "आता तरी जेवशील ना?" "हव रे," मावशी म्हणाली, आणि तिथंच खाली बसली.

आता त्या प्लांटच्या बाकीच्या मशीनींच्या बाह्याही आमच्याकडूनच जातात. ती वाट कोरडी आहे. परवा शेजारच्या प्लांटचे लोक त्यांच्या मशीनची मापं घेऊन आले होते. दुसरी प्रेस घ्यायचं चाललंय, आणि अभनपूरकडून येणाऱ्या एका बाईला मावशी काम शिकवून राहिली आहे. तिच्यावर ओरडते तेव्हा मी मुद्दाम कान देऊन ऐकते. तुझी नात सुटीच्या दिवशी शेडवर येते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. "नानी भी यही बनाती थी?" तिनं विचारलं. मी सांगितलं, ती गॅस्केट बनवायची, हे त्याच्यापुढचं. "तो नानी को आता ये बनाना?" मी म्हटलं, एका दिवसात आलं असतं.

हे पत्र कुठं पाठवणार? लिहून झालं की माझ्याजवळच राहील. तेव्हा एक गोष्ट सांगायला हरकत नाही. मावशी माझ्याबद्दल सगळ्यांना सांगते, चाचणीच्या वेळी माझी पोरगी काट्याकडे बघत अशी ताठ उभी होती, पापणी हलली नाही. मी ते खोडून काढत नाही. खरं म्हणजे, आई, दाब चढायला लागला तेव्हाच मी डोळे मिटून घेतले होते. काटा मी पाहिलाच नाही.