फ्रीजचं कुलूप

३ मे १९७६
फ्रीज आला! गल्लीतला पहिला. हातगाडीवरून उतरवायला शेजारचे राऊतकाका धावले. आमच्या मिनीला या काका-काकूंनीच अंगाखांद्यावर वाढवलं, त्यामुळे बोलवावं लागत नाही. चौकटीतून आत घेताना जरा घासला. रंग वाचला, देवाची कृपा. काकांचा हात तेवढा खरचटला. ठेवला पुढच्या खोलीत. स्वयंपाकघरात जागा झाली असती, पण मग दिसणार कुणाला?

७ मे
सकाळपासून दारात वाट्या. कुणाला रसात बर्फ, कुणाच्या पाहुण्यांना बर्फ. माझ्या शाळेला सुट्टी म्हणजे बाई बर्फ वाटायला मोकळ्या! हे म्हणतात, सारखं दार उघडू नको, रबर ढिलं होईल. राऊतकाकू तेवढ्या कधी मागायला आल्या नाहीत.

९ मे
ह्यांनी फ्रीजला कुलूप घातलं. सगळ्यांना सांगितलं, बिघडलाय. काकूंनाही तेच, एकीला खरं सांगितलं की गल्लीभर होतं. त्या बिचाऱ्या हळहळल्या. "नवाकोरा हाये न वं! दुकानवाल्याले घरी बोलाव, सोडू नको त्याले." हसू दाबता दाबता पुरेवाट.

१३ मे
ऊन नव्हे, आग. दुपारी वाळ्याच्या पडद्यामागे गाढ झोपले होते. उठले तर बाहेर गर्दी. काका लकडगंजातून सायकलवर आले आणि आपल्या घरापुढच्या ओट्यावरच कोसळले. ऊन लागलं. अंग तव्यासारखं. डोक्यावर ठेवायला बर्फ हवा, म्हणून काकू मोठ्या रस्त्यावर धावल्या होत्या. आमच्या दारावरून. परतल्या तेव्हा फडक्यात निम्मं पाणीच. तोवर काकांना झटके सुरू. सरकारी दवाखान्यात नेलं.

दार वाजवलं असतं तर... पण का वाजवतील? बिघडलाय ना.

१४ मे
काका शुद्धीवर नाहीत. हे म्हणतात, "आपण काय केलं? त्या आल्या असत्या तर दिला नसता का?" दिला असता. काकूंना तर नक्की. पण येण्याची वाटच मी बंद केली, ती कशासाठी, तर रबर ढिलं होऊ नये म्हणून! लाज वाटते. फ्रीजकडे बघवत नाही, आणि आहे मेला पुढच्याच खोलीत.

१५ मे
कुलूप काढलं. होता तेवढा बर्फ थर्मासमध्ये भरला आणि दवाखान्यात गेले. काका तसेच. काकू कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या. थर्मास उघडून पाहिला आणि त्यांना रडूच कोसळलं. "माय वं! एवढ्या उन्हात बर्फ आणाले काहून गेली वं तू? तुले काही झालं म्हणजे मिनीले कोण पाहीन?"

सांगायचं ठरवूनच गेले होते. तोंड उघडलं, तेवढ्यात त्या पदरानं माझा घाम पुसायला लागल्या.

मी पुसू दिला.