मेहकर जंक्शनचा सांधा

४ फेब्रुवारी
गाडी आज पुन्हा सांध्यावर अडकली! भाऊराव टेबलाखाली शिरून सायकलच्या तारेशी झटापट करत होते आणि मी दारात चहा घेऊन उभी – चेहरा अगदी साळसूद.

नवऱ्याचं नाव तोंडाने कधी घेतलं नाही. 'अहो' आणि 'ऐकलंत का' यावरच संसार झाला. पण कागदावर लिहायला कोण अडवतंय? भाऊराव, भाऊराव, भाऊराव. मजा येते.

मेहकरला रेल्वे नाही, म्हणून रिटायर झाल्यावर यांनी ती वरच्या खोलीत आणली. नोकरी सगळी एसटीच्या डेपोत, जीव मात्र रेल्वेत! वीतभर इंजिन, चार डबे, 'मेहकर जंक्शन' अशी पाटी. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती जागा म्हणजे सांधा. विकतच्या सांध्याचं मधलं नाक, म्हणजे दोन रूळ मिळतात ते टोक, प्लास्टिकचं. तिथे करंट नाही, छोटं इंजिन तिथेच बंद पडतं. म्हणून ते कापून पितळेचं बसवायचं, खालून वायर जोडायची, सांध्याच्या पात्या सायकलच्या तारेने हलवायच्या आणि बॉलपेनच्या स्प्रिंगने दाबून धरायच्या. मला सगळं पाठ आहे. नसून कसं चालेल? बिघडवणार कशी मग!

७ फेब्रुवारी
प्रेमचा फोन. आई, आता कायमचेच पुण्याला या. पोराचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. भाऊरावांनी त्याला दिवाळीतच शब्द देऊन ठेवलाय – "गाडी एकडाव न थांबता पुरी फेरी मारू दे. मंग त्याच दिवशी सामान बांधतो आम्ही."

मला विचारलं तेव्हा मी 'बरं' म्हणाले. काय म्हणणार! यांना पोराजवळ राहायचंय. मी नाही म्हटलं तर बोलणार नाहीत, पण मनात ठेवतील.

मला नाही जायचं. इथे तरी लिहून टाकते. नाही जायचं! अंगणातली मेथी, शेजारच्या फातिमाबरोबर बाजारात जाणं, संध्याकाळी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणं. अकराव्या मजल्यावर पायरी कुठली?

९ फेब्रुवारी
युक्ती अशी. भाची पूनमच्या लग्नात बिनरंगी नेलपॉलिश आणलं होतं, ते तसंच पडून होतं. भाऊराव दुपारी घोरायला लागले की मी वर. पितळेच्या नाकावर आणि पात्यांवर एक हात. वाळलं की दिसतसुद्धा नाही, करंट मात्र अडतो. रुळावर रंगाचा थेंब नको, हे यांनीच शिकवलंय मला. ते घासूनपुसून काढतात, मी पुन्हा लावते. या वयात नेलपॉलिश, आणि तेही रुळाला!

१० फेब्रुवारी
अडकली. रात्री खीर केली.

१४ फेब्रुवारी
आज थोडक्यात वाचले. फातिमाचे मिस्टर हबीबभाई आले होते. टीव्ही दुरुस्तीचं दुकान, सोबत मीटर. सांध्याला दोन्ही बाजूंनी मीटर लावून पाहिलं. मग मला म्हणाले, "वहिनी, खालून करंट येऊन राह्यला, पन वरतून नाही. कमाल हाय!" मी बशी घेऊन सरळ स्वयंपाकघरात.

पण भाऊराव घाईघाईने म्हणाले, "राहू दे बे हबीब. होईन सावकाश."

किती समजूतदार माणूस! आणि मी अशी.

१९ फेब्रुवारी
सकाळी वर गेले तर भाऊराव इंजिन हाताने ढकलत बसलेले. तोंडाने हळूच शिट्टी वाजवत. मी दिसल्यावर इंजिन उचलून पुसायला लागले. जेवताना दुसरी भाकरी घेतली नाही.

मला फार वाईट वाटलं. दुपारी थिनर घेऊन वर गेले, सांधा लख्ख पुसला, बटण दाबलं. गाडी सुटली – सांध्यावरून, बोगद्यातून, मेहकर जंक्शनवरून, पुन्हा सांध्यावरून – कुठेही न थांबता! मी टाळ्या वाजवल्या. मग तिथेच बसून रडले.

असो. माणसाला त्याची फेरी मिळू दे. मेथी काय, कुंडीतही येते. उद्या त्यांच्या हाताने गाडी सुटेल आणि परवापासून भांडी बांधायला घेऊ.

२० फेब्रुवारी
अडकली! त्याच जागी! आणि मी हात लावलेला नाही, देवाशपथ.

खाली आले तर हे प्रेमशी फोनवर – "सांधा बसूनच नाही राह्यला रे बाप्पा. तुह्या आईले लय घाई हाय तिकडे यायची. तिच्यासाठीच तर हो म्हटलं मी. पन काय करता!" तोंडावर काळजी म्हणून नाही. फोन ठेवून स्वतःहून चहा मागितला, सोबत दोन टोस्ट.

मला घाई? मला?

२१ फेब्रुवारी
भाऊरावांचा कालचा शर्ट धुवायला घेतला. खिशात सांध्याची स्प्रिंग सापडली.

शर्ट वाळवला, इस्त्री करून खुंटीला लावला. स्प्रिंग होती तिथेच परत ठेवली. आणि तिच्याजवळ माझी नेलपॉलिशची बाटली.