जाळी नसलेली मशीन

ती. आईस तनुजाचा नमस्कार.

गुडघ्याला तेल लावतेस ना? इथं सगळं बरं आहे. बंद पडलेल्या इमारतींचे फोटो काढणं चालूच आहे.

परवा चिकलठाण्यात डब्यांच्या एका बंद कारखान्यात गेले होते. तिथले जुने वॉचमन बन्सीकाका एका प्रेस मशीनला अजून दसऱ्याला हार घालतात. म्हणाले, "लई गुणाची मशीन. एकदाच कोपली. फुलंब्रीच्या आवडाबाईनं पाळीत हात लावला, अन् हिनं तिची दोन बोटं घेतली."

"मग?"

"मग काय, मालकानं नारळ फोडून शांत केली. दुसऱ्या दिवशी काम सुरू."

"आणि त्या बाईचं?"

"विटाळ करणारीला कोण ठेवतं, ताई?"

मी तुझी मुलगी आहे हे सांगितलं नाही. तू तर आम्हाला बोटं कडबाकुट्टीत गेली म्हणायचीस.

मशीनपुढं, हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी बसवायची चार भोकं रिकामी आहेत. जाळीनं काम हळू होतं म्हणून मालकानंच ती काढली होती, हेही काकांनीच सांगितलं. आई, चूक तुझी नव्हती. तुला ती तुझीच वाटते, म्हणून त्या दिवसांत मला शिलाई मशीनला हात लावू देत नव्हतीस का? आता माझ्या विशाखालाही फोनवर तेच सांगतेस. नको सांगूस.

हे लिहायचा मला किती अधिकार आहे, ठाऊक नाही. काका म्हणाले, मशीनवर हात ठेवा, तुमचा फोटो काढतो. माझी पाळी चालू होती. ती रिकामी भोकं समोर दिसत होती, तरी माझा हात पुढं गेला नाही.

तुझी,
तनुजा